गच्चीवरचं हवामान केंद्र: पाच वर्षांचा डेटा आधीच भरून पाहिला

गच्चीवरच्या सेन्सरच्या नोंदी साठवणारा डेटाबेस पुढे किती झेपेल, ते आधीच बघायचं होतं. सेटअप असा: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक), ४ जीबी रॅम, पोस्टग्रेस (डेटाबेस), आठ सेन्सर, दर १० सेकंदांनी प्रत्येकाची एक नोंद. वर्षाला २ कोटी ५२ लाख ओळी होतात. वेळ, सेन्सर क्रमांक, मोजमाप मिळून डेटा फक्त १४ बाइट, पण हेडर (ओळीची अंतर्गत माहिती) आणि पॅडिंग (मधल्या रिकाम्या जागा) धरून ओळ ४४ बाइट खाते. म्हणजे वर्षाला १ जीबीहून थोडं मोठं टेबल, वर सेन्सर-वेळ असा बी-ट्री इंडेक्स (ओळी पटकन शोधायची नेहमीची सूची) लावला की आणखी पाऊण जीबी.

आधी पीजीबेंच, म्हणजे बँकेच्या व्यवहारांची नक्कल करून पोस्टग्रेसचा वेग मोजणारं साधन. स्केल (चाचणीच्या डेटाचा आकार) १ वर येणारे आकडे मनावर घेऊ नका. तिथे खात्यांच्या १ लाख ओळी असतात, पण शाखेची एकच. प्रत्येक व्यवहार तीच ओळ अपडेट करतो, त्यामुळे क्लायंट (एकाच वेळी जोडलेले वापरकर्ते) वाढवले की सगळे एकाच खिडकीसमोर रांगेत उभे. स्केल निदान क्लायंटच्या संख्येइतकं हवं. १०० वर डेटा दीड जीबीच्या आसपास, म्हणजे तोही रॅममध्ये मावतो. ४०० केल्यावर कुठे डिस्कचा कस लागला.

पण पीजीबेंच बँकेचे व्यवहार करतं, माझं काम फक्त शेवटी ओळी जोडत जायचं. म्हणून जनरेट-सिरीजने (पोस्टग्रेसचं ओळीने आकडे किंवा वेळा तयार करणारं फंक्शन) पाच वर्षांच्या खोट्या नोंदी भरल्या, साडेबारा कोटींच्या वर. वेळेच्या क्रमानेच भरा! सेन्सरवार भरल्या तर डिस्कवरची मांडणी खऱ्यासारखी राहत नाही आणि ब्रिन हा बी-ट्रीपेक्षा खूप छोटा इंडेक्स वाया जातो.

कारण ब्रिन दर १२८ पानांमागे (पान म्हणजे टेबलाचा डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) फक्त किमान आणि कमाल वेळ लिहून ठेवतो. पाच वर्षांच्या टेबलालाही तो किरकोळ आकाराचा. त्याची किंमत अशी, की एका सेन्सरचा एक दिवस हवा असला तरी आठही सेन्सरच्या ६९ हजार ओळी चाळाव्या लागतात. मला चालतंय. ऑटोसमराइज (नव्या पानांची नोंद ब्रिनमध्ये आपोआप घेणं) मात्र चालू करा, ते मुळात बंद असतं.

लिहिताना आठही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (व्यवहारात) टाकतो आणि सिंक्रोनस कमिट (प्रत्येक व्यवहार डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं) बंद. वीज गेली तर शेवटचा अर्धा-पाऊण सेकंद जाईल, जाऊ दे. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवून घेणं) मात्र बंद करू नका, त्यात अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो.

आता टेबलाचे महिनावार पार्टिशन (वेगळे तुकडे) करतोय, म्हणजे जुना महिना डिलीट न चालवता सरळ काढून टाकता येईल. तासाच्या सरासऱ्या वेगळ्या टेबलात राहतील. पावसाच्या कच्च्या नोंदी मात्र एवढ्यात काढणार नाही.