पेटीवर अनिमे : तंबोरा बंद केला तेव्हा

आठवडा 1

या पावसाळ्यात दोनच गाणी बसवायची, पण अशी की ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. पहिलं 'इत्सुमो नांदो देमो', मियाझाकींच्या 2001 च्या 'स्पिरिटेड अवे' या अनिमे चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीवर वाजतं ते. दुसरं 'आनोहाना' या अनिमे मालिकेचं 'सीक्रेट बेस'.

पहिल्याची मूळ पट्टी पांढरी चार, म्हणून सा तिथेच धरला. सुरुवात सा रे ग सा प. एवढं वाजवलं तोच स्वयंपाकघरातून आई : "भूप काढतोयस का रे?" ती भजनी मंडळात पेटी वाजवते, तिचा कान सहसा फसत नाही. आणि फार चुकलीही नव्हती. जपानी गाण्यांत 'योनानुकी' नावाची स्वरपंक्ती खूप सापडते. यो म्हणजे चौथा, ना म्हणजे सातवा, नुकी म्हणजे गाळलेला. मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणजे आपल्या भूप रागाचेच पाच स्वर. या गाण्यात मात्र पुढे म आणि नि दोन्ही येतात. ते आले तशी आई परत कुकरकडे वळली.

ताल तीनाचा, दादऱ्याच्या अंगाने सहज चालतो.

आठवडा 2

शब्द. नुसती पेटी वाजवून भागेना, गुणगुणायला हवंच. मराठी माणसाला इथे दोन गोष्टी फुकट मिळतात. 'त्सु' म्हणताना जीभ वळवायची गरज नाही, 'चूक'मधला च तोच. आणि जपानी अक्षरांचा क्रम आ, का, सा, ता, ना असा, आपल्या वर्णमालेच्या चुलतभावासारखा. तो बौद्ध ग्रंथांबरोबर पोचलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातूनच आला.

अडलो 'नांदो'पाशी. आपण दोन अक्षरांत म्हणतो. जपानीत त्या तीन मात्रा : ना, न्, दो. अनुस्वारालासुद्धा स्वतःची मात्रा. ती दिली नाही की ओळ अर्धी मात्रा आधीच येऊन उभी राहते आणि तुम्ही पुढे काय करायचं म्हणून बघत बसता.

आठवडा 3 आणि 4

काही नाही. मंद्र धैवताची पट्टी दमट हवेने फुगली, दाबली की वर येईना. खोलून, कडा हलकेच घासून बसवली.

आठवडा 5

'सीक्रेट बेस'. मूळ गाणं 2001 चं, झोन या मुलींच्या बँडचं. शब्दांत दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटायचं वचन आहे. 2011 साली 'आनोहाना'साठी ते मालिकेतल्या तीन मुलींचे आवाज देणाऱ्या कायानो आइ, तोमात्सु हारुका आणि हायामी साओरी यांनी गायलं. दहा वर्षं खरोखरच झाली होती. कथा चिचिबूची : लहानपणीच गेलेली मेनमा दिसू लागते आणि दुरावलेले मित्र पुन्हा एकत्र येतात. अकराच भाग. भागाचा शेवटचा प्रसंग संपण्याआधीच हे गाणं हळूच सुरू होतं, आणि डोळे पुसायला वेळ मिळत नाही.

माझ्या पेटीवर मात्र ते कोरडं वाजत होतं. सगळे स्वर बरोबर, लय बरोबर, आणि काहीच होत नव्हतं. तीन दिवस हरकतींना दोष देत बसलो.

दोष तंबोऱ्याचा होता. सवयीने मोबाईलवर तंबोरा, म्हणजे खाली अखंड वाजणारा सा, लावूनच बसतो मी.

जपानी लोकप्रिय गाण्यांत कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, एक साखळी इतकी वापरली जाते की तिला 'ओदो', म्हणजे राजमार्ग, म्हणतात : मध्यमावरचा कॉर्ड, मग पंचमावरचा, मग गंधारावरचा मायनर (उदास छटेचा), मग धैवतावरचा मायनर. चारही घरं फिरून झाली, पण षड्जाचा कॉर्ड आलाच नाही. हूरहूर त्या न येण्याचीच. आणि मी खाली अखंड सा लावून बसलेलो, म्हणजे गाणं जे हातचं राखून ठेवतंय ते मी पहिल्या क्षणापासून वाटून टाकत होतो.

करून पाहा : तंबोरा बंद करा, उजव्या हाताने एकच सा धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला खाली आधी मध्यमाचा, मग धैवताचा मायनर कॉर्ड वाजवायला सांगा. पहिल्यात तुमचा सा पंचम होतो, दुसऱ्यात कोमल गंधार. बोट हललं नाही तरी रंग बदलतो.

अडचण अशी की आपला डावा हात भात्यावर. पियानोवाल्यांसारखं दोन्ही हातांनी शक्य नाही. मी कॉर्ड वेगळे ध्वनिमुद्रित करून घेतले आणि वर फक्त धून वाजवली. हार्मोनियमचे कॉर्ड हार्मोनियमखाली जड वाटतात, म्हणून मंद्रातले स्वर काढून फक्त वरचे दोन-दोन ठेवले.

गंमत म्हणजे 'इत्सुमो नांदो देमो' तंबोऱ्यावरही तितकंसं बिघडत नाही. मूळ गायिका किमुरा युमी ते लायर (हातात धरायचं छोटं तंतुवाद्य) छेडत गाते, आणि सगळा भार धुनेवर असतो. (शब्द काकु वाकाको यांचे. गाणं मुळात मियाझाकींच्या दुसऱ्याच, पुढे बाजूला पडलेल्या चित्रपटासाठी होतं.)

आठवडा 7

काल दोन्ही सलग वाजवली. पहिल्यात एक जागा अजून अडते : कडव्यानंतर शब्दांविना गुणगुणणं येतं तिथे भाता हलका ठेवला की सूर बसतो, जोर दिला की पेटी ओरडते. 'सीक्रेट बेस'च्या वेळी आई दारात उभी राहिली, राग कुठला विचारलं नाही. संपल्यावर म्हणाली, "तंबोरा लावायला विसरलास."