वरातीत सगळेच नवरदेव

दुपारी दीडनंतर म्हापशात शटरं खाली येतात, तेव्हा कुठे पाट्या वाचायला निवांतपणा मिळतो. एखादं तावेर्न म्हणजे दारूचं दुकान, शिंप्याची काच, छापखान्याबाहेर टांगलेल्या लग्नपत्रिकांचे नमुने... कुठेतरी ते टोकदार, काळंभोर, इगर्जीच्या खिडकीसारखं अक्षर भेटतंच. छापखान्यात त्याला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात.

वळण मध्ययुगीन हस्तलिखितांचं. रुंद टोकाचा टाक साधारण 45 अंशांत धरायचा, अक्षराची उंची त्या टोकाच्या पाचपट ठेवायची, आणि दोन दांड्यांमधली पांढरी जागा दांड्याएवढीच. आपल्या बोरूचा काप नेमका उलट्या बाजूला, म्हणून देवनागरी झोकात काढणाराही इथे अडखळतो. 1455 च्या सुमारास गुटेनबर्गनं बायबल छापलं ते याच वळणाच्या खिळ्यांनी. शंभरेक वर्षांनी, 1556 मध्ये, छपाईयंत्र गोव्यात उतरलं. 1616 मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं तेही रोमन लिपीतच. ओव्या मराठी आणि कवी इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स, म्हणजे खराखुरा ओल्ड इंग्लिश!

या वळणाला टेक्स्टुरा म्हणतात, म्हणजे वीण. पान खरोखरच विणल्यासारखं दिसतं, वाचणाऱ्याचे मात्र हाल. आय, एम, एन, यू शेजारी आले की नुसतं कुंपण. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत ‘म्हुण’ लिहायला शेवटी दोन एन लागतात. एम, एच, यू, एन, एन. मोजा: अकरा उभे दांडे, त्यातला एचचा तेवढा एक उंच. आयच्या डोक्यावर खूण आली तीसुद्धा असल्याच गर्दीतून त्याला ओळखता यावं म्हणून.

पण खरा अपराध वेगळाच. अख्खं नाव कॅपिटलमध्ये! या वळणाचं कॅपिटल म्हणजे दुहेरी रेघा, वेलांट्या, फेटा, शेला. शेजारी साधी लहान अक्षरं असली तरच ते शोभतं. सगळीच कॅपिटलं म्हणजे वरातीत सगळेच नवरदेव. काहीजण त्यावर अक्षरांत जागाही सोडतात, मग उरलीसुरली वीणही उसवते.

पत्रिकेवर वधूवरांची दोन नावं या अक्षरात घ्यावीत, मोठी, आणि तिथेच थांबावं. तारीख, हॉलचा पत्ता, फोन नंबर साध्या अक्षरात. खरबरीत हातकागदावर सोनेरी फॉइलचा ठसा मारला तर केसासारख्या रेघा तुटतात, गुळगुळीत कार्डावर टिकतात. टी-शर्टावर स्क्रीन प्रिंटिंगला उलटं होतं: शाई पसरून अक्षराची पोटं भरतात. व्हिनाइलच्या पाटीवर तर जादा भाग सोलताना बारीक रेघा त्याच्याबरोबर निघून येतात. त्या आधीच जरा जाड करून घ्याव्यात. हे सगळं प्रूफ बघताना सुचायला हवं, छापून झाल्यावर नव्हे.

तावेर्नच्या पाटीला मात्र सगळं माफ. तिथे येणाऱ्याला पाटी वाचायची नसतेच, दार ठाऊक असतं.