हाल्ब द्राय म्हणजे अडीच: जर्मन मराठीतून शिकावं

जर्मन लेखक वोल्फगांग बोर्शर्टची ‘दास ब्रोट’ (पाव) ही कथा १९४६ सालची. छापील जेमतेम दोन पानं, वाक्यं छोटी छोटी. विद्यापीठात जर्मन साहित्याची सुरुवात करायला याहून चांगला मजकूर मला माहीत नाही. कथेत सुरुवातीलाच वेळ येते: हाल्ब द्राय. आणि तिथेच पहिली चूक हमखास होते, ‘साडेतीन’. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, म्हणून साडेतीन. पण जर्मन माणूस इथे रात्रीचे अडीच सांगतोय. त्याच्या हिशेबात तिसरा तास अर्धाच झालेला असतो.

आता ‘अडीच’ या शब्दाकडेच पाहा. तो संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. ‘दीड’ची व्युत्पत्ती तशीच, दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला ‘आंडर्टहाल्ब’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ दुसरा अर्धा. जो हिशेब परका वाटला तो आपल्याच भाषेच्या पोटात होता. विद्यापीठात जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलांना माझं सांगणं एवढंच असतं, की मधे इंग्रजी आणू नका. व्याकरणाची पुस्तकं इंग्रजीतून समजावतात आणि आपणही वाक्य आधी इंग्रजीत रचतो. तिथून पुढचे कष्ट बरेचसे आपणच ओढवून घेतलेले असतात.

आकडे घ्या. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘आइनउंडत्स्वान्त्सिश’ ऐकून अडतो, कारण एक आधी आणि वीस नंतर. पण एकवीस, बावीस, तेवीस यांत आपणही एकं आधीच म्हणतो. १९४६ हे साल जर्मन माणूस ‘एकोणीसशे, सहा आणि चाळीस’ अशा क्रमाने वाचतो. एकोणीसशे सेहेचाळीस! ऐकलेला आकडा मराठीत लिहून घ्यायची सवय लावली तर श्रवणाच्या परीक्षेतले फोन नंबर आणि तारखा चुकत नाहीत.

थंडी वाजते तेव्हा ‘इश बिन काल्ट’ म्हणणं ही दुसरी ठरलेली चूक. ती सरळ इंग्रजीतून येते. मराठीत कुणी ‘मी थंड आहे’ म्हणत नाही, ‘मला थंडी वाजते’ म्हणतो. जर्मनमध्येही ‘मिअर इस्ट काल्ट’, त्यातला ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. ‘मला ही चित्रं आवडतात’ यात क्रियापद चित्रांप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. ‘डी बिल्डर गेफालन मिअर’मध्येही तसंच. ‘मिअर’ ज्या विभक्तीत आहे ती, म्हणजे डाटिव, शिकताना ‘मला’ने सुरू होणारी वीस मराठी वाक्यं लिहा आणि त्यांतली कोणती जर्मनमध्ये ‘मिअर’ घेतात ते तपासा. सगळी घेत नाहीत. ‘मला भूक लागली’ला जर्मन माणूस ‘माझ्याकडे भूक आहे’ म्हणतो. पण जी घेत नाहीत ती या तपासणीमुळेच लक्षात राहतात.

खरा फायदा पुढे आहे, बी२ ही भाषेची वरची-मधली पातळी ओलांडून शास्त्रीय लेख आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख वाचायची वेळ येते तिथे. अशा गद्यात हे हमखास सापडतं: ‘दास गेस्टर्न फॉन डेर रेगीरुंग बेश्लॉसेनं गेझेत्स’. ‘दास’ हे आर्टिकल, नामाआधी त्याच्या लिंगाप्रमाणे येणारा छोटा शब्द. इंग्रजीत विचार करणारा त्याला लगेच नाम शोधतो, पहिलं नाम ‘रेगीरुंग’ दिसतं, ते ‘दास’ला चिकटवतो आणि वाक्य मोडतं. रेगीरुंग स्त्रीलिंगी आहे, तिचं ‘डेर’ तिच्याजवळच आहे. ‘दास’ नपुंसकलिंगी, त्याचं नाम थेट शेवटी, ‘गेझेत्स’. मधलं सगळं कंसात असल्यासारखं धरा आणि मराठीत वाचा: काल सरकारने मंजूर केलेला कायदा. शब्दांचा क्रमही बदलावा लागत नाही. इंग्रजीत मात्र हे पूर्ण उलटं फिरवावं लागतं. ‘केलेला, आलेली, लिहिलेलं’ ही रूपं ज्याच्या जिभेवर आहेत त्याने या रचनेला घाबरू नये. रोज एका अग्रलेखातून अशा तीन जागा काढाव्यात, आधी शेवटचं नाम अधोरेखित करावं, मग त्याचं लिंग पाहून आर्टिकल शोधावं, मग मधला भाग वाचावा.

मराठी फसवते तेही सांगायला हवं. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत आहे’, दोन्हीकडे आपला ‘त’ एकच. जर्मन मात्र जाण्याला ‘इन डी शूलं’ आणि असण्याला ‘इन डेर शूलं’ म्हणते. अशी नऊ शब्दयोगी आहेत: आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन. हालचालीला ठिकाण गाठायचं असेल तर आकुझाटिव, म्हणजे कर्माची विभक्ती, नसेल तर डाटिव. इथे मराठीचा कान उपयोगाचा नाही, प्रश्न विचारावा लागतो: कुठे, की कुठवर?

लिंगाचंही असंच. तीन लिंगं असतात हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही, ही मोठीच सोय. पण कोणत्या नामाचं कोणतं, हे मराठीवरून ठरवायला गेलात तर चंद्र जुळतो आणि सूर्य फसतो, कारण ‘झॉनं’ स्त्रीलिंगी. मुलगी, म्हणजे ‘मेडशेन’, नपुंसकलिंगी, कारण ‘शेन’ प्रत्यय लागला की शब्द नपुंसकच होतो. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ हे प्रत्यय स्त्रीलिंगी. बाकीचं पाठ. वहीत नाम एकटं लिहू नका, आर्टिकल आणि अनेकवचन सोबत हवं. क्रियापद लिहिताना त्याचं शब्दयोगी आणि विभक्तीही लिहा. ‘वार्टन’ (वाट पाहणं) एवढंच लिहिलं तर निबंधात त्याचा उपयोग शून्य, ‘वार्टन आउफ, आकुझाटिव’ लिहिलं तर ते वापरता येतं.

शब्दकोश दुसऱ्या वर्षापासून जर्मन–जर्मन वापरावा. आणि पाहण्याआधी वाक्याचं शेवटचं टोक बघावं. ‘इश रूफं डिश मॉर्गन आन’मध्ये ‘रूफन’ शोधलं तर ‘हाक मारणं’ मिळेल आणि उद्या फोन करणार आहे हे कळणारच नाही. क्रियापदाचा तुकडा ‘आन’ शेवटी जाऊन बसलाय.

जर्मनीत शिकायला जायचं असेल तर टेस्टडाफ या परीक्षेत चारही भागांत चौथी पातळी असली की बहुतेक विद्यापीठांची भाषेची अट पूर्ण होते. तिची तयारी वेगळी, तिच्यासाठी वेगळे दोन-तीन महिने ठेवावेत. त्या तयारीला साहित्याचा अभ्यास समजू नये.

आता पुन्हा बोर्शर्टकडे. व्याकरण बी१चं, पण कथा तेवढ्याने कळत नाही. रात्री अडीचला बाईला जाग येते, नवरा स्वयंपाकघरात सापडतो, काहीतरी आवाज आला म्हणून आलो असं सांगतो. टेबलावर सुरी आहे, टेबलक्लॉथवर कण पडलेत. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर तो खोटं बोलतोय हे तिला दिसतं. युद्धानंतर पाव रेशनवर होता, माणशी मोजके काप. हे माहीत नसेल तर एका कापासाठी कुणी खोटं का बोलेल हेच समजत नाही. ‘लांडेसकुंडं’ म्हणजे देशपरिचय हा विषय सोळा राज्यांची नावं आणि भिंत पडल्याचं १९८९, एकीकरणाचं १९९० या सालांपुरता उरकू नका. त्याचं काम अशा जागी आहे.

भाषांतराच्या पेपरात इथे तीन निर्णय घ्यावे लागतात. ‘ब्रोट’ला पाव म्हणावं तर आपला पाव मऊ, ताजा, चहात बुडवायचा. तिकडचा घट्ट, दिवसेंदिवस टिकणारा, सुरीने कापायचा. भाकरी म्हटलं तर भुकेचं वजन येतं, पण कापता येत नाही. मी पावच ठेवेन आणि ‘काप’ हा शब्द जपेन. दुसरा निर्णय सोपा. शेवटी ती म्हणते की हा पाव मला ‘फेरट्रागन’ होत नाही. ‘सहन होत नाही’ लिहू नका. मराठीत नेमका शब्द आहे: मानवत नाही.

तिसरा निर्णय कठीण. मूळात दोघं एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात. त्या वयाचं मराठी जोडपं असतं तर ती ‘अहो, तुम्ही’ म्हणाली असती. दोघांच्या तोंडी ‘तू’ घातलं तर वाचकाला क्षणभर खटकतं. तरी मी ‘तू’च ठेवेन, आणि का ठेवलं ते उत्तरपत्रिकेत दोन ओळींत लिहीन. दुसऱ्या संध्याकाळी ती स्वतःचा एक काप त्याच्याकडे सरकवते, नेहमीच्या तीनऐवजी त्याच्यापुढे चार येतात. ‘तू खुशाल चार खा’ असं ती म्हणाली की तिचा हात दिसतो. ‘तुम्ही चार घ्या’ हे वाक्य मराठी घरात रोज वाढताना ऐकू येतं, आणि त्यात तिने आपला घास दिला हे हरवून जातं.