दोन्ही नट सैल

जुना बेंच ग्राइंडर, म्हणजे दगडी चाकांवर हत्यारं घासायचं मशीन, दुरुस्तीला आला की आणणारा माणूस हमखास रंगापासून सुरुवात करतो. मूळ रंग कुठला असेल, नेमप्लेट पितळेची आहे का, दिव्याचा दांडा अस्सल आहे का. मी आधी चाकांचे नट बघतो. मशीन कोणाकोणाच्या हातातून गेलंय ते तिथे बरंच कळतं. मापाचा पाना लावणाऱ्याच्या नटाचे कोपरे शाबूत असतात, पाइप पाना घालणाऱ्याचे गोल झालेले असतात, आणि छिन्नीवर हातोडी मारून नट फिरवणारा तर स्वतःची सहीच सोडून जातो.

हा जो ग्राइंडर टेबलावर आला, त्याच्या नटांवर हे सगळं होतंच. शिवाय दोन्ही टोकांना एकावर एक दोन नट होते, म्हणजे चेकनट, आणि त्यांच्यापुढे उरलेले शाफ्टचे, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याचे, आटे पंच मारून चेपले होते. नट सुटूच नये असा पक्का बंदोबस्त. ग्राइंडरच्या नटाला बंदोबस्त लागतोच कशाला, हा प्रश्न तिथल्या तिथे डोक्यात आला. नीट बसवलेल्या ग्राइंडरमध्ये नट चालता चालता सैल होत नाही.

आणणारे काका निवृत्त गृहस्थ. जुनी हत्यारं जमवतात. रंधे झाले, वाइस झाले, आता ग्राइंडरवर आले होते. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून त्यांनी हा उचलला होता. दोन्ही बाजूंना २०० मिलिमीटरची चाकं, थ्री-फेज मोटर, बीडाचं जाडजूड कव्हर. एकट्याने उचलायचं काम नाही.

"तक्रार काय आहे?" मी विचारलं.

"दोन आहेत," काका म्हणाले, "पण दोन्ही एकाच वेळी कधी होत नाहीत."

इतकी नेमकी तक्रार माझ्याकडे क्वचित येते. बहुतेकांचं "आवाज येतो" इथेच संपतं. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं.

पहिल्यांदा जोडला तेव्हा ठिणग्या थेट तोंडाकडे आल्या. त्यांच्या वायरमनने तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या, म्हणजे मोटर उलटी फिरते. ठिणग्या खाली जायला लागल्या, पण थोडं घासलं की उजवं चाक डुगडुगायला लागायचं. बंद करून बघावं तर नट सैल. डावीकडेही तेच. आवळून बघितलं, पुन्हा सैल. वायरमनने वैतागून फेज परत होते तसे केले. नट घट्ट राहिले, ठिणग्या पुन्हा तोंडावर. शेवटी ठिणग्या खाली जातील असं जोडून त्याने नटांवर चेकनट चढवले आणि पंच मारून टाकला. आता नट जागचे हलत नव्हते, पण चाक बदलायचं म्हटलं तर तेही निघत नव्हते, आणि मशीन थरथरत होतं ते वेगळंच.

माझ्या हाताखालचा पोरगा ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, फेज फिरवून बघू का?"

"तेच तर करून दमलेत ते."

त्याला समजावताना माझंही चित्र स्पष्ट होत गेलं. ग्राइंडरसमोर उभं राहिलं की चाकाची आपल्याकडची कड वरून खाली यायला हवी. तशी आली की ठिणग्या खाली जातात आणि जॉब, म्हणजे घासायची वस्तू, टूल रेस्टवर, म्हणजे चाकासमोरच्या टेकूवर, दाबून बसतो. उलटं फिरलं तर ठिणग्या वर येतात आणि जॉब रेस्टवरून उचलला जातो. ही झाली एक गोष्ट.

दुसरी नटांची. मोटर सुरू होते तेव्हा शाफ्ट झटक्यात पळतो आणि जड चाक मागे रेंगाळतं. घासताना तर जॉब चाकाला सतत अडवत असतो. ही मागची ओढ फ्लँजमधून, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी चकत्यांमधून, नटापर्यंत पोचते. म्हणून ग्राइंडरच्या उजव्या टोकाला नेहमीचे सुलटे आटे असतात आणि डाव्या टोकाला उलटे. मशीन योग्य दिशेने फिरलं की ही ओढ दोन्हीकडचे नट आवळतच राहते. दिशा चुकली की दोन्ही सुटायला बघतात.

आता फेज बदलले तर काय होईल? ठिणग्यांची दिशाही पालटेल आणि नटांवरची ओढही, दोन्ही बरोबरच. म्हणजे धड मशीनमध्ये एक तर दोन्ही गोष्टी बरोबर येतात, नाहीतर दोन्ही चूक. काकांच्या ग्राइंडरमध्ये एक बरोबर आली की दुसरी चुकत होती. वायरी कितीही बदलल्या तरी हे सुटणार नव्हतं, कारण दोष वायरीत नव्हताच. तो लोखंडात होता.

उजव्या टोकावरचा चिखल झालेला तेलकट थर रॉकेलने धुतला, तारेचा ब्रश मारला. पंचाखाली चेपूनही काही आटे शाबूत होते. खिशातला साधा बोल्ट त्यांच्याशेजारी तसाच धरला. बोल्टच्या आट्यांचा उतार एकीकडे, शाफ्टच्या आट्यांचा दुसरीकडे. उजव्या टोकाला उलटे आटे. डावीकडे जाऊन बघितलं, तिथे सुलटे.

"काका, तुमच्या मोटरमध्ये रोटर, म्हणजे शाफ्टसकट फिरणारा आतला भाग, उलटा बसलाय. उजवं टोक डावीकडे आणि डावं उजवीकडे."

काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तरी मोटर फिरते कशी?"

फिरते, कारण रोटरला डावं-उजवं कळत नाही. पोलादी पत्र्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, त्यात रोवलेले दांडे आणि दोन टोकांना ते जोडणाऱ्या कड्या, एवढाच तो ऐवज. त्याला वायर जात नाही. कुठल्या दिशेला फिरायचं हे बाहेरच्या, न फिरणाऱ्या स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र ठरवतं. रोटर आत कसाही घाला, तो त्या क्षेत्रामागे धावतो. डावं-उजवं असतं ते फक्त टोकांच्या आट्यांना. सेंट्रिफ्यूगल स्विच, म्हणजे वेग आल्यावर सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा खटका, असलेल्या सिंगल-फेज ग्राइंडरमध्ये हा घोटाळा सहसा होत नाही, कारण त्या स्विचची वजनं रोटरच्या एकाच टोकाला असतात आणि तो उलटा घातला तर मोटर चालूच होत नाही, नुसती गुणगुणते. थ्री-फेजमध्ये तो पहारेकरी नाही.

आधी चाकं काढायची होती. तिकोनी कानशीने पंचाचे ओठ घासून काढले. डावीकडचे नट जोर लावून निघाले. उजवीकडचा बाहेरचा नट हलेना. पोरगा सवयीने नेहमीच्याच दिशेला पाना ओढत होता, त्याला थांबवून उलटीकडे ओढायला लावलं, तरी नाही. शेवटी नटाच्या अंगात भोकं पाडून छिन्नीने तो फोडला. काकांच्या चेहऱ्यावर वेदना दिसली. त्यांना नट अस्सल वाटत होता. तो त्यांच्याच वायरमनने घातलेला, हे आठवून दिल्यावर ते सावरले.

उजवं चाक हातात आलं तेव्हा थरथरीचं कारणही आलं. शाफ्टवर फ्लँजऐवजी छोटे जाड वॉशर होते. फ्लँजचा व्यास चाकाच्या निदान एक तृतीयांश हवा. इथे साधारण ६७ मिलिमीटर लागतो, आणि हे त्याच्या निम्म्याच्या आसपास. चाक आणि लोखंड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची चकती लागते, म्हणजे दाब सारखा पसरतो. आतल्या बाजूची चकती गायब होती. बाहेरची होती, तिच्यावर जुन्या वळणाची छापील अक्षरं. एवढ्याशा वॉशरवर चेकनट घालून जीव खाऊन आवळलं, की सगळा दाब भोकाच्या कडेवर येतो.

चाक कोरडं पुसलं, भोकात बोट घालून लोंबतं धरलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून थोडं आत. मग चाक फिरवून पुन्हा. दगडी चाक धड असेल तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. डाव्या चाकाचा आला होता. उजव्याचा आला तो बसका, मडक्याला तडा असावा तसा.

काकांना मी दोन्ही चाकं स्वतः वाजवायला दिली. मग भिंगाखाली भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दाखवली. २०० मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८५० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास ३० मीटर जाते, ताशी १०० किलोमीटरच्या वर. त्या वेगाने फुटलेल्या चाकाचा तुकडा कुठे जाईल हे चाकासमोर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं नसतं. काका आजवर नेमके समोर उभे राहत होते.

तरी त्यांनी एकदा विचारलंच, "हे चाक मी नुसतं दाखवायला ठेवलं तर? फिरवणार नाही."

"तुम्ही नाही फिरवणार. पण तुमच्यानंतर हे ज्याच्या हातात पडेल तो?"

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांशी माझं इथेच खटकतं. त्यांना सगळं मूळचं हवं असतं. मला ते पटतं, पण चाक हे मशीनचा भाग नाही, ते झिजायला आणि बदलायलाच असतं. शेवटी तडजोड झाली. छापील अक्षरांची पुठ्ठ्याची चकती मी ओली करून अलगद सोडवून त्यांना दिली, आणि चाकाचे त्यांच्यासमोरच हातोडीने तुकडे केले. तडा गेलेलं चाक साबूत भंगारात टाकू नये, कोणीतरी उचलून बसवतो.

आता मोटर. साइड कव्हर काढण्याआधी कव्हर आणि बॉडीच्या सांध्यावर पंचाच्या खुणा करायच्या, म्हणजे जिथलं कव्हर तिथेच बसतं. मी पंच घेतला आणि बघतो तर खुणा आधीच होत्या. डाव्या सांध्यावर एक ठिपका, उजव्या सांध्यावर दोन, नीटनेटके, एका ओळीत. कधीतरी एका शिस्तीच्या फिटरने हे मशीन उघडलं होतं. कव्हरांवर ग्रीस कप तसेच होते, पण आत दोन्हीकडे रबर सीलची ६२०४ बेअरिंग निघाली, २० चं भोक, ४७ चा बाहेरचा व्यास. ग्रीस कप असलेल्या मशीनमध्ये मुळात अशी बेअरिंग नसतात. कपातलं ग्रीस आत जाणार कुठून? म्हणजे बेअरिंग बदलायला रोटर बाहेर निघाला होता. त्या फिटरने कव्हरांना ठिपके दिले, रोटरला दिला नाही. कव्हरं जिथल्या तिथे गेली, रोटर तेवढा फिरून बसला. दोन्ही टोकं इतकी सारखी, की हातात धरून बघितला तरी कळणार नाही. व्हर्नियर लावला, खांद्यापासून टोकापर्यंत दोन्हीकडे एकच माप. असं नसतं तर तो उलटा बसलाच नसता.

पुढचं काम सरळ होतं. बेअरिंग गुळगुळीत फिरत होती, त्यांना हात लावला नाही. वाइंडिंगला इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर लावला, काळजीचं काही नव्हतं. वेळ गेला तो आट्यांवर. उलट्या आट्यांची डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, कपाटात असते खरी, पण ती शोधण्यातच पोरगा घामाघूम झाला. पंचाने चेपलेले शेवटचे आटे घासून, डाय अगदी सावकाश चालवून दोन्ही टोकं साफ केली. डाव्या टोकाच्या तोंडावर एक ठिपका मारला, उजव्याच्या तोंडावर दोन. त्या जुन्या फिटरचाच हिशेब पुढे चालवला. रोटर सरळ करून आत घातला, ठिपक्याला ठिपका जुळवून कव्हरं आवळली.

आधी चाकांशिवाय चालवून दिशा बघितली. मग नवी चाकं, दोन्हीकडे पुठ्ठ्याच्या चकत्या, मापाचे फ्लँज. टूल रेस्ट चाकापासून ३ मिलिमीटरवर, चाकाच्या कव्हरची वरची जीभ ६ मिलिमीटरवर. नट एकेकच, बेताने आवळलेले. काका म्हणाले, "चेकनट नको?"

"नको."

"नक्की?"

मी खडूने नट आणि शाफ्टवरून एक सरळ रेघ ओढली. नट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसेल. खटका दाबला आणि सगळ्यांना बाजूला उभं केलं. नवं चाक बसवलं की निदान एक मिनिट त्याच्या समोर कोणी थांबायचं नाही. थरथर नव्हती. ड्रेसर फिरवून चाकाचं तोंड साफ केलं आणि काकांच्या हातात त्यांचीच एक जुनी छिन्नी दिली. ठिणग्या खाली पडत होत्या. बराच वेळ घासून त्यांनी मशीन बंद केलं. ते थांबायला इतका वेळ लागला की काका दोनदा खटक्याकडे बघून आले. चाकं थांबल्यावर ते चष्मा सावरून नटांवर वाकले. दोन्हीकडे खडूची रेघ सलग होती.

फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बाहेर रंगवू का, असं विचारल्यावर मात्र काकांनी ठाम नकार दिला. जुन्या रंगावर नवा बाण त्यांना चालणार नव्हता. म्हणून तो मी टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काढला, वायरमनला दिसेल असा. त्याखाली लिहिलं: "उजवीकडे सुलटे आटे, डावीकडे उलटे. आधी चाकं काढून दिशा बघा. दिशा चुकली तर दोन फेज बदला. दिशा बरोबर असूनही दोन्ही नट सैल होत असतील तर वायरीला हात लावू नका, रोटर बघा."

काकांनी ते वाचलं, पेन मागितलं, आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात भर घातली: "पंच मारू नये."