पाच डिसेंबरचं पान

५ डिसेंबर, रात्री साडेदहा.

जेवणं उरकली, ओटा पुसला आणि बाबांच्या डायऱ्या घेऊन बसले. दरवर्षी या तारखेला बसते. बँकेतून मिळालेल्या निळ्या रेक्झिनच्या डायऱ्या, कोपरे उकललेले. आत दुधाचा हिशेब, विम्याचा हप्ता, माझ्या तापाचे आकडे. आणि पाच डिसेंबरच्या पानावर सगळ्यात वर एक नाव: फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. नावापुढे मोकळी जागा. ते परत आले की तिथे तारीख लिहायची, म्हणून.

बाबांचं आणि तांब्यांचं नातं काहीच नव्हतं. बाबा संध्याकाळी जिमखान्यावर बॅडमिंटन खेळायचे, आणि दमयंती सुभेदार हे नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी असायचं. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला. तांब्यांशी त्यांचं लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा पाकिस्तानशी युद्ध लागलं, आणि ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करायला गेलेलं तांब्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान परत आलं नाही.

पुढे कळलं की त्याच दिवसांत ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी होती आणि त्यात एक नाव ‘टॉम्बे’ असं छापलेलं होतं. बाबा म्हणायचे, नाव चुकलंय म्हणूनच माझा जास्त विश्वास बसतो. कागदावरून उतरवलं असतं तर बरोबर आलं असतं. ऐकून लिहिलं की असं होतं. म्हणजे कुणीतरी स्वतःच्या तोंडाने ते नाव सांगितलं असणार.

सिमल्याचा करार झाला. पाकिस्तानचे ९३ हजार युद्धकैदी टप्प्याटप्प्याने घरी गेले. १९७२ च्या डिसेंबरात वाघ्यावरून आपले कैदी आले, त्यांत तांबे नव्हते. पाकिस्तान आजवर एकच सांगत आलंय, आमच्याकडे कोणी नाही. बाबांच्या ओळी वाचते. १९७९: ‘लोकसभेत यादी दिली. नाव आहे.’ १९८३: ‘नातेवाईक मुलतानचा तुरुंग पाहून आले. कोणी भेटलं नाही.’ २००७: ‘१४ जण गेले होते. रिकाम्या हातांनी परत.’ मध्ये एका पानावर तांब्यांसारखेच बेपत्ता असलेल्या मेजर अशोक सुरींच्या वडिलांना कराचीहून आलेल्या पत्राबद्दलचं कात्रण आहे, डिंकाने पिवळं पडलेलं. बेपत्ता लोकांची ती लोकसभेतली यादी पुढे ५४ जणांची झाली. यादी द्यायलाच आठ वर्षं का लागावीत, याचा मला अजूनही राग येतो.

१९८३ चा पितृपंधरवडा मला लख्ख आठवतो. मी दहा वर्षांची होते. सर्वपित्रीला बाबा पाटावर बसले होते, हातात पळी. आजी म्हणाली, “बारा वर्षं होत आली रे. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करतात. त्यांच्या घरचे काय करायचं ते करतील, तू त्याच्या नावाने पाणी तरी सोड.” आजी मायेनेच सांगत होती. तो मुलगा कुठे तहानलेला भटकत असेल, ही तिची काळजी.

बाबांची पळी तशीच थांबली. “पाणी सोडलं म्हणजे पाणी सोडलं, आई. मी नाही सोडणार.”

आजी पुढे काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून देवापुढे साखर ठेवताना ती आमच्या सगळ्यांच्या नावांनंतर ‘तांब्यांचा मुलगा सुखरूप असू दे’ असं पुटपुटायला लागली. शेवटपर्यंत म्हणत राहिली.

घरात कुणी ‘तांबे होते’ म्हटलं की बाबा मध्येच ‘आहेत’ म्हणायचे. आवाज न चढवता. ती सवय मलाही लागलीय. आज संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तेच झालं. ती म्हणाली, “आई, ते आता ऐंशीच्या पुढे असतील. अजून किती वर्षं लिहिणार?” मी म्हटलं, वर्षं मोजून लिहायला घेतलंच नव्हतं बाबांनी. शहीद झालेल्याच्या नावाचा दगड तरी असतो, लोक तिथे फूल ठेवतात. ज्याचं काय झालं तेच कळलं नाही, त्याचं नाव कुणाच्या तरी वहीत जागं राहायला हवं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला त्या पानाचा फोटो पाठव.” पाठवला. ‘टॉम्बे’ची गोष्टही सांगितली, तिला ती माहीत नव्हती.

बाबा गेल्यावर मी माझ्या डायरीत लिहायला लागले. त्यांचा शिरस्ता होता, पुढच्या वर्षाची डायरी आली की वाढदिवसांच्याही आधी पाच डिसेंबरचं पान उघडायचं. परवाच स्टेशनरीच्या दुकानातून नवी आणलीय, अजून प्लास्टिकमध्ये होती. आत्ता फाडलं. निळ्या शाईच्या पेनाने नाव लिहिलं, पूर्ण, हुद्द्यासकट. पुढे चार बोटं जागा सोडली.