दहातला एक

एखाद्याचे काही चुकले आणि ते नेमके कुठे चुकले असे त्याने विचारले, की 'प्रयत्न चालू ठेव, जमेल' असे सांगून मोकळे होण्याची रीत शाळेच्या मैदानापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे आहे. असे सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. चूक कुठे आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते, आणि तसे कबूल करण्यापेक्षा पाठीवर थाप मारणे सोपे असते. ऐकणाराही मान डोलावतो आणि पुन्हा तसाच चुकतो. जिमी हॉगन या इंग्लिश फुटबॉलपटूला मात्र हे उत्तर पटले नाही, आणि त्या न पटण्यातून त्यांचे पुढचे सगळे आयुष्य घडले, असे मला त्यांच्याविषयी वाचताना नेहमी वाटते.

हॉगन यांचा जन्म १८८२ सालचा, लँकेशरमधल्या नेल्सन या गिरण्यांच्या गावातला. वडील गिरणी कामगार, घराणे आयरिश कॅथलिक, आणि मुलाने पाद्री व्हावे ही घरच्यांची इच्छा. मुलाला मात्र फुटबॉलचे वेड होते. पाय बळकट व्हावेत म्हणून त्यांनी वडिलांच्या प्रोत्साहनाने घरीच व्यायामाची सायकल बनवली आणि तिच्यावर रोज तीस मैलांचे पेडल मारले. या खटाटोपाने पोटऱ्या केवळ आखडतात, हे त्यांच्या पुढे लक्षात आले. बर्नली क्लबकडून खेळताना एका सामन्यात त्यांनी बचावपटूंना चकवत गोलपर्यंत मजल मारली, पण शेवटचा फटका आडव्या खांबावरून उडाला. सामना संपल्यावर ते मॅनेजर स्पेन व्हिटेकर यांच्याकडे गेले आणि माझा पाय चुकीचा पडला का, तोल गेला होता का, असे त्यांनी विचारले. प्रयत्न करत राहा, दहातला एक गोल झाला तरी पुष्कळ, असे व्हिटेकर म्हणाले. उरलेल्या नऊ फटक्यांचे काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. हॉगन यांना पडला.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये असा प्रश्न विचारणेच विचित्र होते, हे लक्षात घ्यायला हवे. खेळाडू जन्माला यावा लागतो, त्याला शिकवायचे ते काय, अशी तिथली समजूत होती. सरावात धावायचे, दमसास वाढवायचा, पण चेंडूला शक्यतो पाय लावायचा नाही, कारण आठवडाभर चेंडूपासून दूर ठेवले की शनिवारी खेळाडू त्याच्यासाठी भुकेला होतो, असे जाणते लोक गंभीरपणे सांगत. (याच न्यायाने गवयाला मैफलीच्या आदल्या आठवड्यात तंबोऱ्याला हात लावू देऊ नये, पण असो.) पुढे फुलहॅममध्ये हॅरी ब्रॅडशॉ यांच्या हाताखाली त्यांना जमिनीलगत छोटे पास देत पुढे सरकणारा स्कॉटिश वळणाचा खेळ मिळाला आणि तो त्यांना मनापासून पटला. खेळाडू म्हणून ते चांगले होते, थोर नव्हते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघापर्यंत ते कधीच पोहोचले नाहीत. मला तर वाटते की ते थोर नव्हते हेच बरे झाले, कारण ज्याला सगळे उपजत येते त्याला ते कसे येते हे बहुधा सांगता येत नाही.

बोल्टन क्लबबरोबर दौऱ्यावर असताना हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्टच्या संघावर त्यांनी १०-० असा विजय मिळवला. अशा वेळी जिंकणारा हसतो आणि घरी जातो. हॉगन यांनी मात्र या लोकांना नीट खेळायला शिकवायला परत यायचे असे ठरवले आणि १९१० मध्ये ते खरोखरच तिथे प्रशिक्षक म्हणून गेले. दोन वर्षांनी ऑस्ट्रियन फुटबॉलचे सूत्रधार ह्यूगो माइस्ल यांनी त्यांना व्हिएन्नाला बोलावले. इंग्लंडमध्ये न विचारता येणारे प्रश्न व्हिएन्नात माणसे आपणहून विचारत होती, आणि हॉगन यांना आणखी काय हवे होते!

१९१४ मध्ये मात्र महायुद्ध पेटले तेव्हा ते व्हिएन्नातच होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना अटक झाली; पुढे एका ब्रिटिश व्यापारी कुटुंबाच्या मध्यस्थीने ते सुटले आणि त्या घरातल्या मुलांना टेनिस शिकवत त्यांनी दिवस काढले. अखेर बुडापेस्टच्या एमटीके क्लबने आपले वजन खर्च करून त्यांना हंगेरीत आणले. तिथल्या एका बागेत चेंडू खेळणारी ऑर्थ आणि ब्राउन ही दोन शाळकरी मुले त्यांनी हेरली आणि शाळा सुटल्यावर ते त्यांना मैदानावर घडवू लागले. दोघेही पुढे हंगेरीचे नामवंत खेळाडू झाले, आणि १९१७ पासून १९२५ पर्यंत तिथली लीग एमटीकेच्या हातून सुटली नाही.

युद्ध संपल्यावर हॉगन रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतले. युद्धामुळे नुकसान झालेल्या फुटबॉलपटूंना फुटबॉल असोसिएशन दोनशे पौंड देते असे त्यांच्या कानावर आले होते, म्हणून ते लंडनला गेले. असोसिएशनचे सचिव फ्रेडरिक वॉल यांनी त्यांच्यापुढे खाकी मोज्यांचे जोड ठेवले आणि आघाडीवरच्या आपल्या मुलांना हे फार आवडले होते, असे ऐकवले. शत्रूच्या देशात चेंडू खेळत बसलेल्या माणसाला आणखी काय द्यायचे, असा त्याचा अर्थ. पिकते तिथे विकत नाही हे खरे, पण विकत न घेणाऱ्याने वर पायमोजे हातात ठेवावेत, हे जरा जास्तच झाले.

त्यांच्या शिकवण्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट १९२० च्या दशकातल्या जर्मनीतली आहे. ते व्याख्याने देत हिंडत होते आणि त्यांचे जर्मन बेताचेच होते. एका सभेत त्यांनी स्वतःची ओळख फुटबॉलऐवजी भाषांचा प्राध्यापक अशी करून दिली आणि नंतर, फुटबॉल हा केवळ शरीराचा नव्हे तर बुद्धीचा खेळ आहे असे सांगायला जाऊन, तो समितीचाही खेळ आहे असे ते बोलून बसले. (आपल्याकडच्या क्रीडा संघटना पाहता हे वाक्य अगदीच चुकीचे म्हणवत नाही.) सभागृह हसू लागले तेव्हा त्यांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि ते बोल्टनच्या पोशाखात परत आले. बूट आणि मोजे काढून, जर्मनीतल्या तीन चतुर्थांश खेळाडूंना चेंडू नीट मारता येत नाही असे सुनावत, त्यांनी अनवाणी उजव्या पायाने पंधरा यार्डांवरच्या लाकडी फळीवर चेंडू हाणला. चेंडू उसळून परत आला तेव्हा दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत असे म्हणत त्यांनी डाव्या पायाने फटका मारला आणि फळी दुभंगली. पुढे कोणी हसल्याची नोंद नाही. ड्रेस्डेनला त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत हेल्मुट शोन नावाचा एक तरुण होता.

त्यानंतर १९३४ मध्ये इंग्लंडने त्यांना पुन्हा संधी दिली खरी, पण फुलहॅमच्या मुरलेल्या खेळाडूंना आपल्याला शिकवणारा कोणी हवा आहे असे वाटेना, आणि ॲपेंडिक्सच्या आजारपणात हॉगन अंथरुणावर असतानाच क्लबने त्यांना काढून टाकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या संघाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली रौप्यपदक मिळवले, आणि १९३८ मध्ये ॲस्टन व्हिला क्लब त्यांच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत परतला.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे लोळवले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या युरोपातल्या कोणत्याही संघाने इंग्लंडला त्यांच्या अंगणात त्यापूर्वी कधी हरवले नव्हते. फुटबॉलविषयी आम्हाला जे काही येते ते सगळे जिमी हॉगन यांनी शिकवले, असे हंगेरियन महासंघाचे अध्यक्ष शांडोर बार्च यांनी त्यानंतर सांगितले, तेव्हा कितीतरी इंग्लिश वाचकांना हे नाव पहिल्यांदाच कळले असेल. एकाहत्तर वर्षांचे हॉगन त्या दिवशी ॲस्टन व्हिलाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसले होते. देशद्रोही म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणारेही निघाले, म्हणजे मोज्यांची मनोवृत्ती पस्तीस वर्षांनंतरही शाबूत होती.

जानेवारी १९७४ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये म्युनिकला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि त्याच हेल्मुट शोन यांच्या प्रशिक्षणाखालच्या पश्चिम जर्मनीने तो २-१ असा जिंकला. हरलेला संघ होता हॉलंडचा, म्हणजे ज्या देशाला नीट खेळायला शिकवायचे म्हणून हॉगन यांनी पहिल्यांदा घर सोडले होते तो. त्या फुटबॉलचे श्रेय त्यांच्या पदरात टाकणे ओढूनताणून होईल. पण सामन्यात डच संघाने सुरुवात केली आणि जर्मन खेळाडूचा चेंडूला पाय लागण्याआधीच, पास देत देत, पेनल्टी मिळवली, हे पाहायला हॉगन आणखी सहा महिने जगायला हवे होते.