परदेशी भांडवल नागपुरात आणताना : माझा अनुभव

इटलीहून निघालेले पैसे नागपूरच्या खात्यात पोहोचायला फार वेळ लागला नाही. ते पैसे शेअरचे आहेत हे आमच्याच बँकेने मान्य करायला मात्र लागला. तो काळ आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात असे बरेच कारखानदार आहेत, ज्यांचं परदेशी गिऱ्हाईक आज ना उद्या ‘तुमच्या कंपनीत पैसे घालतो’ म्हणणार आहे. त्यांना तरी हे आधी ठाऊक असावं.

आमचं हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉप आहे. शेतीच्या अवजारांना लागणारे गिअर आणि शाफ्ट आम्ही बनवतो. इटलीतली एक कौटुंबिक कंपनी बरीच वर्षं आमच्याकडून माल घेते. त्यांना पुरवठा वाढवून हवा होता, आम्हाला नवं गिअर हॉबिंग मशीन हवं होतं, आणि आणखी कर्ज काढायची माझी तयारी नव्हती. त्यातून २६ टक्के भागीदारीचं ठरलं. २६ टक्केच का, तर पाव हिस्स्याच्या वर मतं विरोधात गेली की कंपनीचा विशेष ठराव मंजूर होत नाही. त्यांना तेवढा शब्द हवा होता, आणि एवढे पैसे लावणाऱ्याने तो मागणं मला रास्त वाटलं.

बाकीचं सुरळीत झालं. आपल्यासारख्या उत्पादन उद्योगात परदेशी भांडवल १०० टक्क्यांपर्यंत थेट घेता येतं, दिल्लीची परवानगी लागत नाही. त्यांची माणसं येऊन शॉप फ्लोअर बघून गेली. समृद्धी महामार्ग, मिहान, बुटीबोरी सगळं दाखवलं, पण त्यांनी खोदून विचारलं ते वीज किती वेळा जाते आणि ऑपरेटर किती वर्षं टिकतात हे. करार झाला, मूल्यांकन झालं, बोर्डाचे आणि भागधारकांचे ठराव झाले, ऑफर लेटर गेलं. कंपनी कायद्याप्रमाणे शेअरच्या पैशांसाठी वेगळं खातं उघडलं आणि तोच नंबर इटलीला कळवला.

पैसे आले, आणि बँकेने त्यांची नोंद ‘निर्यातीची आगाऊ रक्कम’ अशी केली.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेला बँक एक पर्पज कोड लावते, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक. त्याच इटालियन कंपनीकडून आम्हाला आजवर मालाचेच पैसे यायचे. त्यामुळे फॉरेक्स डेस्कवरच्या कुणीतरी मागचाच कोड लावून दिला. खातं वेगळं होतं, आमचं पत्र आधी दिलेलं होतं, त्यात ‘शेअर्ससाठी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पत्र फाइलला लागलेलंही होतं. ते उघडून कुणी बघितलं नाही, एवढंच.

हा कोड का महत्त्वाचा, ते सांगतो. शेअर दिल्यावर ३० दिवसांच्या आत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्याला एफआयआरसी, म्हणजे पैसे बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला, आणि पैसे पाठवणाऱ्याची केवायसी जोडावी लागते. दाखल्यावर ‘निर्यात’ असेल तर तो फॉर्म जागचा हलत नाही. शिवाय पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करायची. म्हणजे दोन्हीकडून मुदत चालू, आणि आपण काउंटरसमोर खुर्चीत बसलेलो.

शाखेतले साहेब माणूस म्हणून चांगले होते. चहा मागवायचे, बसवून घ्यायचे. पण त्यांच्या हातात काही नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं : “भाऊ, फाइल मुंबईला गेली ना. तिकडूनच होऊन राहिलं सगळं.” परकीय चलनाचं काम बघणाऱ्या मुंबईच्या सेलचा फोन नंबर शाखेलाही नव्हता, फक्त ईमेल. ईमेलला उत्तर यायचं ते प्रश्नाच्या रूपात, आणि दर वेळी नव्या माणसाचं. कोड बदलायला पत्र द्या. दिलं. बोर्डाचा ठराव द्या. दिला. करार द्या. तो तर सुरुवातीलाच दिला होता, पुन्हा दिला. एकाच वेळी सगळी यादी द्या म्हणून मी लेखी मागितलं, तेही मिळालं नाही.

कोड बदलला तर नाव अडलं. इटालियन कंपनीच्या पूर्ण नावात ‘à’ हे वर छोटी तिरकी रेघ असलेलं अक्षर आहे. स्विफ्टच्या, म्हणजे बँकांनी एकमेकींना निरोप पाठवायच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या, तेव्हाच्या संदेशात असली अक्षरं चालत नव्हती आणि नावाची एक ओळ ३५ अक्षरांची असायची. म्हणून संदेशात त्याच्या जागी साधा ए आणि पुढे ॲपॉस्ट्रॉफी आली होती, आणि नाव मधेच तुटून दुसऱ्या ओळीवर गेलं होतं. करारात एक नाव, दाखल्यावर दुसरं. मुंबईहून शेरा आला की गुंतवणूकदार आणि पैसे पाठवणारा वेगळा दिसतो. खाते क्रमांक तोच, पत्ता तोच, नोंदणी क्रमांक तोच. शेवटी आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमनी स्विफ्टच्या नियमाचा उतारा काढला, दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली, तुटलेली जागा पेन्सिलने गोल करून दाखवली आणि इटलीच्या कंपनीचं ‘ही दोन्ही नावं आमचीच’ असं पत्र जोडलं. तेव्हा तो शेरा निघाला. धंतोलीच्या त्यांच्या छोट्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्यांनी फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जेवढा वाचला होता, तेवढा त्या सेलमधल्या कुणी वाचला असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

मग केवायसी. इटलीच्या बँकेने ती पीडीएफवर डिजिटल सही करून पाठवली. तिकडे तशीच पद्धत आहे. आमच्या बँकेला शिक्का हवा होता. “ह्याच्यावर शिक्का कुठं आहे?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच इटलीला फोन करून विचारलं, तुमच्याकडे रबरी शिक्का मिळेल का. त्यांच्या अकाउंटंट बाईंना मी काय मागतोय तेच कळेना. ज्या भागीदाराला मी वर्षभर नागपूर किती सोयीचं आहे हे सांगत होतो, त्याच्याकडे शिक्का मागताना मला मनापासून वाईट वाटलं.

वाट निघाली ती दुसऱ्याच एका उद्योजकाने सांगितलेल्या गोष्टीने, आणि ही या लेखातली सगळ्यात कामाची सूचना आहे. केवायसीच्या पीडीएफच्या मागे लागूच नका. आपल्या बँकेला लेखी सांगा की पैसे पाठवणाऱ्या बँकेला स्विफ्टनेच केवायसीची विचारणा करा. बँक ते बँक असा संदेश येतो, तो मुळातच खात्रीचा मानला जातो, सही-शिक्क्याचा प्रश्नच उरत नाही. आमचं उत्तर लगेच आलं. हे आमच्या बँकेला आधी माहीत नव्हतं का? होतं. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, अशीच तिथली रीत आहे.

या सगळ्यात शेअर वाटप आम्ही मुदतीत केलं. एफआयआरसी नसताना करावं का, याची धाकधूक होती, पण पैसे खात्यात आहेत आणि ६० दिवसांचं बंधन कायद्याचं आहे, हे मॅडमनी ठामपणे सांगितलं. वाटपानंतर १५ दिवसांत पास-३, म्हणजे शेअर वाटल्याची माहिती देणारा कंपनी कायद्याचा फॉर्म, भरायचा. तो भरेपर्यंत त्या खात्यातला रुपया वापरता येत नाही, मशीनचा ॲडव्हान्सही नाही, हे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा. एफसी-जीपीआर पहिल्यांदा रिजेक्ट झाला, दुरुस्त करून पुन्हा भरला आणि मुदत संपायच्या आत मंजूर झाला. उशीर झाला असता तर साडेसात हजार रुपये आणि रकमेवर वर्षाला ०.०२५ टक्के एवढं शुल्क पडलं असतं. रक्कम मोठी नाही. पण पुढच्या वेळी कुणी नवा गुंतवणूकदार कागद तपासेल तेव्हा तो उशीर आपल्या नावावर दिसतो, आणि चूक बँकेची होती हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. मंजुरीचा ईमेल आला त्या संध्याकाळी सगळ्या शॉपला मी समोसे आणि जिलेबी मागवली. ऑपरेटर लोकांना एफसी-जीपीआर काय ते माहीत नव्हतं, पण मशीन येणार हे कळलं.

आठवतं तसं सांगतो. पैसे पाठवताना खर्चाच्या रकान्यात ‘अवर’ (OUR, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) निवडायला सांगा, नाहीतर मधल्या बँका आपापलं कापून घेतात आणि शेअरच्या किमतीला थोडेसे कमी पडतात. युरोचा दर हलतो, म्हणून किंचित जास्तच मागवा. उरलेलं परत करता येतं. मूल्यांकनाचा दाखला ९० दिवसांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे करार लांबला तर तो आधी करून ठेवू नका. शेअरची किंमत त्या मूल्यांकनापेक्षा कमी ठेवता येत नाही. परदेशी कागदांना तिकडेच नोटरी आणि अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) करून घ्या. फर्म्सवरची कंपनीची नोंदणी आणि बिझनेस युजरची, म्हणजे फॉर्म भरणाऱ्या माणसाची, मंजुरी पैसे यायच्या आधी करा, कारण ती मंजुरीही बँकेमार्फतच होते.

एक राहिलं. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ मुळे भारताला लागून असलेल्या देशांतला खरा मालक निघाला तर सरकारी परवानगी लागते. आमचे मालक इटलीचेच, तरी कंपनीच्या वर होल्डिंग कंपनी, तिच्या वर कुटुंबातली माणसं, असा सगळा वंशवृक्ष काढून घोषणापत्र द्यावं लागलं. हे ठरावांच्या वेळीच मागून ठेवा, आयत्या वेळी इटलीतले आजोबा सुट्टीवर असतात.

आणि अर्ज हातात घेऊन संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जाऊ नका. मला बऱ्याच जणांनी तो सल्ला दिला. एफसी-जीपीआर फक्त पोर्टलवर आणि आपल्या बँकेमार्फतच जातो. तरीही रोज त्या इमारतीसमोरून जाताना वाटायचं, रिझर्व्ह बँक आपल्या शहरात आहे, आणि तिच्या नियमाचा एक फॉर्म समजून सांगणारा बँक अधिकारी आपल्या शहरात नाही.

२०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी ३९ टक्के महाराष्ट्रात आलं. हे ऐकून अभिमान वाटतोच. पण ते राज्याच्या नावावर मोजलं जातं, आणि त्यातलं बरंचसं मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचं, जिथे हे काम येणारी माणसं बँकेतच बसलेली असतात. विदर्भाला सामूहिक प्रोत्साहन योजनेत जास्त सवलती आहेत, मैत्री पोर्टलवर राज्याच्या परवानग्या एका जागी मिळतात, ते सगळं उपयोगाचं आहे. पण आमच्यासारख्या छोट्या कारखान्याचं भांडवल अडतं ते बँकेच्या टेबलावर. उद्योजकांच्या संघटनेकडे मी लेखी मागणी केली आहे की परकीय चलनाचं काम करणाऱ्या प्रत्येक बँकेने फेमाचा एक जाणता अधिकारी नागपुरात बसवावा, सही करायच्या अधिकारासह. ज्यांना असा त्रास झाला असेल त्यांनी आपल्या तक्रारी तारखांसह संघटनेकडे द्याव्यात. एकट्याची तक्रार मुंबईच्या ईमेलमध्ये हरवते.

कोड दुरुस्त झाला तरी निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत, ईडीपीएमएसमध्ये, ती जुनी नोंद तशीच उघडी राहिली होती. बऱ्याच दिवसांनी पत्र आलं की आगाऊ रक्कम घेतली आहे, माल कधी पाठवता? तेव्हा कोड बदलून घेतलात तर ही नोंद बंद झाल्याचं लेखी घ्याच. आणि दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे कंपनीच्या परदेशी देण्यांचं आणि मालमत्तेचं वार्षिक विवरण, भरायचं लक्षात ठेवा. परदेशी भागीदार आल्यावर ते कायमचं मागे लागतं, आणि निदान ते तरी बँकेकडून न जाता थेट रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर भरता येतं.